पाच नंबरची बंडी

"मग सातवा कोण?" चहात आणखी एक चमचा साखर घालत गिल्बर्ट स्टॅनर्डने विचारलं. "सहा ठरले. सातव्याचं नाव सांगा, म्हणजे मी उठतो. बाहेर तुमच्या शेजारणीचं कुत्रं माझ्या गाडीच्या चाकाशी काय करतंय कुणास ठाऊक."

टीमचा मॅनेजर नॉर्मन थर्लो सिंकपाशी पाठमोरा उभा होता. कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, हातात ओली बंडी. विकफ्लीटचे स्वार शर्यतीत जाकिटावरून घालतात ती निळी बंडी, पुढे पांढरा बगळा, मागे आकडा. शेवटची मॅच होऊन महिना उलटला तरी बंड्या पिशवीत तशाच पडून होत्या. इतकी वर्षं त्या त्याची बायको डोरीन धुवायची. ती कशी धुवायची हे नॉर्मनने कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅकची लाल माती कापडात अशी बसते की गरम पाण्यात घातली तर कायमची. हे त्याला आज सकाळी पहिल्या बंडीवरचा बगळा गुलाबी झाल्यावर कळलं.

"सातवा कॉलिन," तो म्हणाला.

"कॉलिन बसत नाही, नॉर्मन."

"माहितेय."

"चाळीसची मर्यादा. सहा जणांचे गेले पस्तीस पूर्णांक तीस. उरले चार पूर्णांक सत्तर. कॉलिनची सरासरी चार पंच्याहत्तर." स्टॅनर्डने बोटांनी टेबलावर टकटक केलं. "पाच शतांश! अहो, सबंध उन्हाळा हा माणूस साडेचारच्या वर गेला नाही. शेवटच्या मॅचला काय अंगात आलं होतं त्याच्या?"

नळ तेवढा वाहत राहिला.

"म्हणजे..." स्टॅनर्ड चपापला. "ती मॅच डोरीनच्या आठवणीची होती, ते माहितेय मला. मी आपलं सहज बोललो."

"असू दे."

स्टॅनर्ड वाईट माणूस नव्हता. बसगाड्यांच्या धंद्यात कमावलेलं तो स्पीडवेत, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या या क्लबात, घालवत होता आणि त्याबद्दल बायकोचं रोज ऐकून घेत होता. त्याला मरायच्या आत एकदा लीग जिंकायची होती, बस. नियम साधा होता. सात स्वार घ्यायचे, त्यांच्या गेल्या हंगामातल्या दर मॅचमागच्या गुणांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरलेल्या आकड्यावर जाता कामा नये. नाहीतर पैसेवाले क्लब सगळे चांगले स्वार पळवतील. त्यामुळे नुसता चांगला स्वार घेऊन भागत नाही. आकड्यापेक्षा चांगला असलेला शोधावा लागतो. आणि असा माणूस हेरण्यात नॉर्मन थर्लोचा हात धरणारा अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर कुणी नव्हता. साखर कारखान्यात बीटच्या ट्रकांचा काटा त्याने तीस वर्षं सांभाळला होता. ट्रक फाटकातून आत येतानाच त्याला कळायचं, किती बीट आणि किती चिखल.

"हे बघा," स्टॅनर्ड उठत म्हणाला, "मी मध्ये पडत नाही. दोन रस्ते आहेत. कॉलिनच्या जागी तो ट्रेवर सीली घ्या. पडतो फार, पण बसतो. नाहीतर ब्रोडीला सोडा. त्याच्या जागी कुणीतरी साधा बघा, की कॉलिन बसेल. पण ब्रोडीला तुम्हीच शोधलंत. तुम्हीच म्हणालात, हा ऑस्ट्रेलियन पोरगा कागदावर पाचचा आहे आणि जूनपर्यंत आठचा होईल."

"होईल."

"मग? ब्रोडी असला तर आपण जिंकतो. नसला तर गेल्या वर्षीसारखे पाचवे. नावं आज संध्याकाळी पाठवायचीत. तुम्ही म्हणाल ती टीम." दारात तो घुटमळला. "त्या बंड्या लाँड्रीत द्या हो. क्लब भरेल पैसे."

"नको," नॉर्मन म्हणाला.

तो गेल्यावर नॉर्मनने बंड्या मागच्या अंगणात दोरीवर घातल्या. नोव्हेंबरचं ऊन, वाळणार कसल्या. सहाच होत्या. पाच नंबरची पिशवीत नव्हतीच.

*

दर नोव्हेंबरात याच टेबलावर टीम जुळायची. नॉर्मन आकडे मांडायचा, खोडायचा, पुन्हा मांडायचा. समोर डोरीन बसून बंड्यांच्या उसवलेल्या नाड्या शिवायची. मग मान वर न करता ती विचारायची, "कॉलिन आहे ना?"

"आहे."

"मग ठीक. बाकीचे तुला काट्यावर घालायचे ते घाल."

कॉलिन डॅगलेस अकरा हंगाम विकफ्लीटकडे होता. मोठा स्वार तो कधीच नव्हता. चौघांत तिसरा यायचा, कधी दुसरा. पण पावसात ट्रॅकचा राडा झाला की तोच टिकायचा आणि नवीन पोरगा आपटला की पहिला धावत तोच जायचा. आठवडाभर निचऱ्याच्या पंपांची दुरुस्ती करायचा आणि शनिवारी बाइक व्हॅनमध्ये टाकून यायचा. मॅचनंतर या स्वयंपाकघरात डोरीनच्या हातचं ब्रेड-पुडिंग खायचा. "तुझी आई तुला जेवायला घालत नाही का रे?" असं डोरीन दर वेळी म्हणायची आणि दर वेळी दुसरा तुकडा वाढायची.

ऑक्टोबरातली ती शेवटची मॅच. डोरीनला जाऊन नऊ दिवस झाले होते. सुरुवातीला सगळं मैदान एक मिनिट गप्प उभं राहिलं, इंजिनंही बंद. मॅचला अर्थ नव्हता. बगळे, म्हणजे विकफ्लीटची टीम, आधीच पाचवे ठरले होते. अशा मॅचला, शेवटच्या शर्यतीत, शहाणा स्वार काय करतो हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत मात्र कुणी नाही. तो थोडा गॅस सोडतो, वेग कमी करतो. उगाच एक गुण जास्त मिळवून पुढच्या हिवाळ्यात स्वतःला जड कशाला करून घ्या? इतकी वर्षं नॉर्मन अशा वेळी बाइक उभ्या असतात त्या पिटच्या कठड्याशी उभा राहून नुसतं बघायचा आणि स्वारांना ती नजर कळायची.

त्या दिवशी मात्र तो ओरडला.

शेवटच्या शर्यतीत कॉलिन दुसरा होता. आधीच्या तीनपैकी दोन त्याने जिंकल्या होत्या, जे त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. शेवटची फेरी. पुढचा स्वार किंचित बाहेर गेला, आतल्या बाजूला एका चाकापुरती वाट उघडली. आणि नॉर्मन थर्लो, ज्याला कुणी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, कठड्यावर पोट टेकवून, टोपी हलवत ओरडत होता, "जा! जा रे! जा!" कॉलिन गेला. ब्रेक नसलेली ती बाइक आडवी टाकून तो असा आत घुसला की लाल मातीचा फवारा उडून नॉर्मनच्या चेहऱ्यावर बसला. कॉलिन पहिला आला. नॉर्मन रडत होता आणि त्याला हिशेबाची आठवणही नव्हती.

दुसरा आला असता तर एक गुण कमी, म्हणजे चार पूर्णांक सत्तर. बरोबर बसला असता.

*

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दुपारी जेवण न करताच नॉर्मनने गाडी काढली.

बांधावरच्या सरळ रस्त्याने जाताना तो दोन्ही टीम मनातल्या मनात पळवून बघत होता. ब्रोडी असलेली आणि कॉलिन असलेली. दर वेळी पहिली जिंकत होती. मग तो स्वतःशी म्हणाला, हरू दे. एक वर्ष हरलो तर काय होतं? स्टॅनर्डने तर हात वर केलेत. कॉलिनला सांगायचं, तू आहेस. एवढंच सांगायचं. पंपघर दिसेपर्यंत त्याचं ठरलंसुद्धा होतं.

कॉलिन पाण्यात उभा होता, छातीपर्यंतच्या रबरी पँटमध्ये. जाळीत अडकलेलं शेवाळ आणि लव्हाळं लांब दांड्याच्या पंजाने ओढून काढत होता.

"बॉस!" त्याने हात वर केला. "थांबा, येतो. हे बघा काय काय सापडतं. आज एक प्रॅम निघाली. बाळ नव्हतं, नशीब."

"सावकाश ये."

तो वर आला, पँटमधून सुटला, फ्लास्कमधला चहा झाकणात ओतून त्याने नॉर्मनला दिला. चेहऱ्यावर सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. पस्तिशीचा झाला की हा, नॉर्मनच्या मनात आलं.

"जेवलात का?" कॉलिनने विचारलं.

"हो."

"खोटं. डोरीन म्हणायच्या, नॉर्मन खोटं बोलला की टोपीला हात लावतो."

नॉर्मनने टोपीवरचा हात खाली घेतला. दोघं थोडं हसले. पंपाची घरघर तेवढी येत होती.

"चार पंच्याहत्तर," कॉलिनच म्हणाला. "मला माहितेय, बॉस. त्याच दिवशी घरी जाताना व्हॅनमध्ये हिशेब केला. आणि तुमचे सहा कोण असणार तेही साधारण ओळखलं. किती उरले?"

"चार सत्तर."

कॉलिनने शीळ घातली. "एक गुण!"

"मी ओरडायला नको होतं."

"मला दिसत होतात तुम्ही. वळणावर माणसाला काही दिसत नाही एरवी, पण तुम्ही दिसलात. म्हटलं, हा माणूस टोपी हलवतोय. हेल्मेटच्या आत मला हसू आलं, खरं सांगतो." त्याने लव्हाळ्याची एक काडी बुटाने बाजूला सारली. "गॅस सोडायचं डोक्यात आलं होतं. पण तुम्हाला तसं बघितल्यावर नाही जमलं."

आता बोलायचं, नॉर्मनला वाटलं. आता. पण तेवढ्यात कॉलिन म्हणाला, "ब्रोडीला सोडायचं बिडायचं मनात आणू नका हं. पोरगं हिरा आहे. मी बघितलंय त्याला वळणावर. तो असला तर तुम्ही जिंकता."

"स्टॅनर्डही तेच म्हणतो."

"मग झालं तर."

हे म्हणताना कॉलिन त्याच्याकडे बघत होता. जरा जास्तच वेळ बघत होता. नॉर्मनला ती नजर कळली. तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला कळणारच. "नाही, कॉलिन, तूच" एवढे तीन शब्द हवे होते. ते त्याच्या तोंडात आले होते. आणि ब्रोडी असलेली टीम डोळ्यांसमोर पुन्हा एकदा धावली आणि जिंकली.

"दुसरीकडे कुठे बघशील?" त्याने विचारलं.

कॉलिनने मान फिरवली. "बघतो ना. पण या आकड्याला कोण घेणार? तिसऱ्या नंबरच्या माणसाला दुसऱ्या नंबरचं वजन." तो हसला. "बाइक विकली तर आईकडे नवा बॉयलर बसेल. ती केव्हाची मागे लागलीय."

त्याने उठून व्हॅनचं दार उघडलं आणि आतून एक घडी काढून आणली. निळी बंडी. बगळ्याच्या पंखापर्यंत लाल माती सुकली होती.

"त्या दिवशी मी नेली घरी. चोरली म्हणा. ही दुसऱ्या कुणी धुवावी असं वाटेना."

"ठेव तुला."

"आणि तुमचा नवीन पाच नंबर काय घालणार?"

"नवी शिवून घेऊ."

"शिवणार कोण?" कॉलिन सहज बोलून गेला.

दोघांनीही पाण्याकडे पाहिलं. मग नॉर्मनने हात पुढे केला आणि बंडी घेतली.

*

घरी येऊन त्याने फोन लावला. सात नावं वाचून दाखवली. ब्रोडी हॅस्केट चौथा, ट्रेवर सीली सातवा.

"शाब्बास!" स्टॅनर्ड ओरडला. "यंदा आपलीच आहे, नॉर्मन. लिहून घ्या. कॉलिनला वाईट वाटलं का हो?"

"नाही. तो म्हणाला, ब्रोडीलाच घ्या."

"बघा! सोन्यासारखा माणूस. एप्रिलच्या पहिल्या मॅचला बोलवू त्याला, मैदानाची फेरी मारायला. लोक टाळ्या वाजवतील."

"बोलवू," नॉर्मन म्हणाला आणि त्याचा हात टोपीकडे गेला. टोपी घरात आल्यावर त्याने काढून ठेवली होती.

बाहेर अंधारायला लागलं होतं. टेबलापाशी त्याची खुर्ची होती आणि समोरची होती. तो बसला नाही. सिंकमध्ये गार पाणी सोडलं, मूठभर मीठ टाकलं. सकाळच्या गुलाबी बगळ्यानंतर शेजारीण सांगून गेली होती, डोरीन मीठ घालायची म्हणून. पाच नंबरची बंडी त्याने हळूच बुडवली. पाण्यात लाली पसरत गेली. त्याने कापड चोळलं नाही, नुसतं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पाणी बदललं, तेही लाल झालं. पुन्हा बदललं. बंडीच्या काठाला डोरीनचे टाके होते, बारीक, एकसारखे. ते बोटांना लागत होते.

मग बगळा पांढरा झाला. त्याने बंडी पिळली आणि सिंकचं बूच काढायला हात घातला, पण काढलं नाही. तळाशी लाल माती बसली होती, चिमूटभर. ओला हात पँटला पुसून तो बाहेर गेला. दोरीवर चार आणि सहाच्या मधे एक जागा त्याने सकाळपासून मोकळी ठेवली होती, तिथे बंडी घातली, दोन्ही खांद्यांना चिमटे लावले, आणि वारा नव्हता तरी जरा वेळ धरून उभा राहिला.