उपाशी पोटी

ताईचं बूड बाकावर ठरत नव्हतं. बसली की उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. शेजारच्या म्हाताऱ्यानं वैतागून शेवटी पायच आत ओढून घेतले. पडद्यापलीकडे तिचा धाकटा भाऊ हिरवा गाऊन घालून खाटेवर पडला होता. एवढा आडदांड बस ड्रायव्हर, पण गेल्या काही महिन्यांत पार निम्मा झाला होता.

स्वादुपिंडात गाठ होती. शिरेतून दिलेलं औषध तिच्यात म्हणावं तसं शिरतच नव्हतं. म्हणून आज तोंडावाटे नळी पोटात उतरवायची, नळीच्या टोकाशी असलेल्या सोनोग्राफीवर गाठ बघायची आणि जठराच्या भिंतीतून बारीक सुई थेट गाठीत घालून औषध तिथंच सोडायचं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. "बरं करीन असं म्हणत नाही," त्या म्हणाल्या होत्या, "पण ह्याच्यापुढं माझ्या हातात फारसं काही नाही." धाकटा गप्पच होता. 'करा' म्हणून ताईनंच सांगून टाकलं. आई गेल्यापासून त्याच्या वाटचं बोलायची तिला सवयच लागली होती.

अट एकच होती, पोट रिकामं हवं. आणि आज सकाळी हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, भूक लागलीय."

कित्येक आठवड्यांत हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. ताट पुढं केलं की मान फिरवायचा. ताईचा जन्म शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना वाढण्यात गेलेला. भूक म्हटलं की तिचा हात डोक्याच्या आधी चालायचा. तिनं दुधात पाव कुस्करून दिला. त्यानं वाटी संपवली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कल मात्र रिक्षात बसल्यावर आली.

आल्याआल्या सिस्टरनं विचारलं, "उपाशी आहेत ना?" धाकटा छताकडे बघत राहिला. ताईच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

तेव्हापासून तिची ही ऊठबस चालली होती. सांगावं तर सुई रद्द, पुन्हा नंबर कधी लागेल देव जाणे. न सांगावं तर गुंगीत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जायची भीती. जरासंच तर होतं, असं ती स्वतःला सांगायची आणि पटायच्या आत पुन्हा उठायची.

वॉर्डबॉयनं खाट ढकलायला घेतली, तशी ती आडवी उभी राहिली.

"थांबा! त्यानं खाल्लंय. मीच दिलंय."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कमाल करता हो तुम्ही! जीव गेला असता त्याचा." मग जरा निवळल्या. "उद्या सकाळी घेते. पाण्याचा घोटसुद्धा नको."

त्या गेल्यावर ताई खाटेच्या कडेला टेकली. "चुकलं रे माझं. पण तू भूक म्हणालास आणि मला राहवलंच नाही. भूक लागतेय म्हणजे सुधारतोयस, नाही का?"

"भूक नव्हती गं," धाकटा म्हणाला. "घास गिळताना मळमळत होतं. खाल्लं की रद्द करतात, हे ठाऊक होतं मला. पण तू सिस्टरला 'हो' म्हणालीस, मग तुला खोटं पाडवेना."

"सुईला घाबरलास?"

"सुईला कोण घाबरतंय! ती टोचली नाही तोवर एक उपाय शिल्लक आहे ना. टोचून काही झालं नाही, तर मग काय उरलं?"

ताईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. सकाळपासून ती त्या रिकाम्या वाटीच्या आधारावर तग धरून होती, आणि ती वाटीही खोटी निघाली. 'उद्या मुकाट्यानं यायचं' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तूच सांग," ती म्हणाली. "उद्या यायचं का?"

आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"यायचं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. ताईनं त्याला गप्प केलं नाही.