पोचल्याचा फोन

घरातून कोणी प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा रंगूबाईचा कायदा. किन्हीराजा गावची माणसं एसटीनं कारंज्यापर्यंतच जात होती तोवर तो पाळणं सोपं होतं. माणूस जायचा, पोचल्याचा फोन यायचा, झाडू फिरायचा. पण काल तिचा लेक हरीओम मुंबईला गेला आणि आज तिथून विमानानं दुबईला निघाला, एसी दुरुस्तीच्या नोकरीवर. दोन दिवसांचा केर घरात जावयासारखा पसरला होता आणि रंगूबाईचे हात शिवशिवत होते.

सून निकितानं सकाळीच मोबाइलवर तिकीट दाखवलं होतं. मुंबईहून दोनला सुटणार, दुबईत तीन-चाळीसला पोचणार.

“आपली एसटी कारंज्याले जायाले याच्याहून जास्त टाइम घेते,” रंगूबाई म्हणाली, आणि तिच्या मनात दुबई कारंज्याच्या वाटेवरच्या शेलूबाजारच्या जरा पुढं जाऊन बसली.

बरोबर तीन-चाळीसला फोन वाजला. हरीओमचंच नाव, त्याचाच आवाज. मागं मात्र गर्दी नाही, वारा नाही. विहिरीत तोंड घालून बोलावं तसं.

“माय, पोचलो. घर झाडून घे.”

रंगूबाईनं कानाकोपरा झाडला आणि केर उकिरड्यावर टाकून आली. तेवढ्यात निकिता गिरणीतून दळण घेऊन आली.

“हरीओम पोचला वं.”

निकितानं डबा खाली ठेवला. “कसे पोचतीन, आत्याबाई? तिथली घड्याळ आपल्याहून दीड तास मांगं चालते. एकोणीसशे किलोमीटर हाय, तीन तास तर वरच लागतेत.” तिनं मोबाइलवर विमान कुठवर गेलं ते दाखवणारा नकाशा काढला. सगळीकडे निळं पाणी आणि त्यावर एक पिवळं विमान. ते हलत नव्हतं.

“मंग माह्यासंग बोललं कोण?”



रंगूबाई घमेलं घेऊन उकिरड्यावर गेली, केर भरून आणला आणि घरभर सारखा पसरायला लागली. शेजारची भुरीबाई भिंतीवरून बघत होती.

“काय वं रंगू, दिवाळी उलटी करून राह्यली का?”

“तू तुह्यं पाय.”

शेवटचं घमेलं रिकामं झालं आणि नकाशातलं विमान पुढं सरकलं.

पाच वाजून गेल्यावर पुन्हा फोन आला. दोघी अंगणात होत्या. या वेळी मागं लेकरांचं रडणं होतं, कुणीतरी खोकत होतं.

“माय, विमान खाली टेकलं. पण दार उघडून नाही राह्यलं. समदे उभेच हावो.”

“मंघाशी तूच फोन केलता का रे?”

“विमानातून कसा करीन? मोबाइल बंद होता. घर नाही ना झाडलं?”

रंगूबाई उत्तर देणार तोच घरातून आवाज आला. खर्र. खर्र. निकिता तिच्याशेजारी होती, भुरीबाई भिंतीपलीकडे. आत कोणी नव्हतं. आणि ते जे कोणी नव्हतं ते घरच्यासारखं, सावकाश, मधल्या खोलीतून दाराकडे झाडत येत होतं. फोनमधला हरीओमचा आवाज दर फटक्याला बारीक होत चालला.

रंगूबाईनं आत पाहिलं नाही. दाराकडे पाठ केली आणि चौकट अडवून उंबऱ्यावर ऐसपैस बसली. केर सरकत आला, तिच्या कमरेला टेकला, थांबला. झाडूची टोकं लुगड्याला एकदा लागली. मग पुन्हा लागली, जरा जोरात.

“नाही झाडलं,” ती फोनात म्हणाली. “दार उघडलं का सांग. मी बसली हाव.”