नऊ फेऱ्या

तिकिटाच्या खिडकीपाशी आल्यावर तिने मुठीतला कागद उलगडला. कागद नवऱ्याने निघताना दिलेला, नखाएवढी घडी घातलेला.

"खिडकीवर विचार आणि सगळ्यांत स्वस्त पडेल ते घे," एवढं सांगून तो मागच्या बाकावर जाऊन बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

तिला चुकल्यासारखं वाटलं ते इथेच. एकोणचाळीस वर्षं संसार केला, पण गाडीचं तिकीट तिने एकदाही काढलं नव्हतं. तो त्याचा प्रांत. हात मागे बांधून तो दरांच्या फलकासमोर उभा राहायचा. एकेरी, परतीचं, दिवसाचा पास, दोघांचं जोडतिकीट, सगळ्यांची तोंडी बेरीज करून खिडकीतल्या माणसाला गप्प करायचा. वाचणारे पैसे फार नसायचे, गोडी शोधण्याची. "मला फसवेल असं तिकीट अजून छापायचंय," म्हणायचा. आणि आज त्याने फलकाकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

"बोला मावशी," खिडकीतली बाई म्हणाली.

"आज दिवसभर फिरायचंय. दोघं आहोत. कमीत कमी काय पडेल?"

"फेऱ्या किती?"

तिने कागद काचेखालून सरकवला. बाईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ती पाच, मी चार. नऊ झाल्या. फेरीला आठ, म्हणजे बहात्तर. पास माणशी बेचाळीस, तो सोडूनच द्या. जोडतिकीट पंच्याहत्तर. सुटी तिकिटंच घ्या तुम्ही. दहावी फेरी असती तर जोड परवडलं असतं." बाईने चष्मा खाली सोडला. "एकाला परत यायचं नाही वाटतं?"

तिने कागद मागे ओढून घेतला आणि पाहिला.

दोनच ओळी होत्या. ती, ५. मी, ४.

तिने बोटांवर मोजलं. घरून त्याच्या शिष्याच्या दुकानी, एक. तिथून पितळवाल्याकडे, दोन. तिथून वन्संकडे, तीन. वन्संकडून जंक्शन, चार. जंक्शनहून घर, पाच. दोघं एकाच दारातून निघाले होते. मग त्याच्या चार कशा? चौथी फेरी तर जंक्शनला संपत होती.

चूक असेल, असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत म्हणता आलं असतं. पण हा माणूस पितळेवर नावं आणि आकडे कोरून म्हातारा झालेला. अर्ध्या शहराच्या दारांवर त्याचे आकडे होते. पोस्टमन त्या आकड्यांच्या भरवशावर जिने चढायचे. त्याने चार लिहिलं तर ते चारच.

आणि मागचा महिना तिच्या डोळ्यांपुढून सरकला. हात थरथरतो म्हणून त्याने काम बंद केलं. खण रिकामे केले. कागदपत्रं कुठे, पाण्याचा मुख्य नळ कुठे, सगळं तिला दोनदोनदा दाखवलं. "तुला ठाऊक असलेलं बरं," म्हणाला होता. आज पिशवीत त्याच्या छिन्न्या होत्या, पितळवाल्याची नमुन्याची वही होती, आणि वन्संची गेल्या वर्षी आणलेली छत्री. ज्याचं त्याला परत.

"जोडतिकिटाचं कसं असतं?" तिने विचारलं.

"दोघांनी जोडीनं आत, जोडीनं बाहेर. एकटं माणूस आलं तर फाटक हलायचं नाही."

"ते द्या."

"तीन जास्त जातात मावशी."

"जाऊ द्या."

ती बाकापाशी आली. किती झाले, काय घेतलंस, दाखव बघू, असं तो म्हणेल म्हणून थांबली. तो उठला आणि नुसता म्हणाला, "तुझ्याकडेच ठेव."

मग फाटकातून जाताना त्याने तिचा दंड धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, रस्त्यात कधी हात धरला नव्हता. विचारावं, तर उत्तर मिळालं असतं. त्याचीच तिला भीती होती.

शिष्याचं दुकान जिन्याखाली होतं. दाराएवढीच खोली, भिंतीवर अर्धवट पाट्या. त्याने छिन्न्यांची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि एकेक छिन्नी बोटांनी चाचपून बाहेर काढली.

"ही वेलांटीची. ही आतल्या वळणाची. हिला पाणी कमी दे, ती मुळातच रागीट आहे."

"मास्तर, या मला कशाला? तुम्ही काय कोरणार?"

"मी आता कानाला हात लावला."

शिष्य हसला, पण तिच्याकडे बघून थांबला. "काकू, भांडण झालंय का घरात?"

"आमच्यात भांडण झालं तर ते पाटी कोरून लावतात बाहेर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका लागला.

पितळवाल्याने वही घेतली आणि बसा म्हणाला. ते बसले नाहीत. पिशवी हलकी होत चालली होती. तिला वाटलं, ही पिशवी रिकामी होईल तेव्हा आपण जंक्शनला असू.

गाडीत चाकांच्या ठेक्यावर तिला आईची ओळ आठवली. आई कपड्यांच्या घड्या घालताना म्हणायची:

दोघं निघाली वाटेला, वाट म्हणे मोजून घे,
जाताना जेवढी पावलं, येताना तेवढी दे.

लहानपणी ती ऐकताना झोप यायची. आज अंगावर काटा आला.

वन्सं त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या. छत्री घेऊन त्यांनी ती उघडून पाहिली, भोक नाही याची खात्री केली आणि मिटली. "स्वतः होऊन परत आणलीस? बरा आहेस ना रे?"

"ताई, जरा खिडकीशी बस."

"का? फोटो काढतोस माझा?"

"बस तर."

त्या बसल्या. तोंडावर दुपारचं ऊन पडलं. तो समोर वाकला, मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे, आणि बराच वेळ बघत राहिला. गल्लीतून भंगारवाल्याची हाक येऊन गेली तरी तो बघतच होता.

"अगं, याला झालंय काय?" वन्सं तिला म्हणाल्या. "काही फोडलंय का माझं यानं?"

तिने पेला तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी खाली ठेवला नाही.

जंक्शनला उतरून ते पुलावर आले तेव्हा उन्हं कलली होती. खाली रुळांचा गुंता. घरची गाडी पाच नंबरच्या फलाटावर, असं भोंगा सांगत होता.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "पाचवर जाऊन बस. मी बाटली भरून आणतो."

"मी पण येते."

"मुतारीतही येणार आहेस? हो पुढे."

ती पाचवर जाऊन बसली. जोडतिकीट तळहाताच्या घामाने मऊ झालं होतं. फाटक एकट्याला उघडायचं नाही, तिने मनाशी म्हटलं. तो बाहेर जाऊच शकत नाही. आणि मग तिला कळलं की तिने फक्त बाहेरचा रस्ता अडवला होता. आत रूळ होते.

ती उठली. आणि तो तिला दिसला. समोर, रुळांपलीकडे, चार नंबरवर. फलाटाच्या रिकाम्या टोकाला एकटा. हातात भरलेली बाटली, पाय पिवळ्या पट्टीच्या पुढे, मान गाडी येणाऱ्या बाजूला.

चार नंबरवरून गाडी न थांबता जाणार आहे, मागे व्हा, असं भोंगा म्हणाला.

हाक पोचणार नव्हती. ती जिन्याकडे पळाली. गुडघे आहेत हे विसरली, चपलेचा पट्टा तुटला तो तिथेच टाकला. पुलावरून खाली उतरताना रूळ गुणगुणायला लागलेले तिला ऐकू आले. त्याने ते ऐकलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं उचललं. तिने मागून त्याचा सदरा मुठीत धरला आणि सगळ्या वजनानिशी मागे बसकण मारली.

गाडी गेली. डब्यांचा वारा दोघांच्या तोंडावर आपटत राहिला.

"आपली थांबली का नाही गं?" तो म्हणाला. बाटली सांडून त्याचे पाय भिजले होते.

"हा चार आहे."

"पाच आहे की." त्याने वर पाटीकडे मान केली. निळ्यावर पांढरा, हातभर उंचीचा चार होता.

तिने कंबरेला खोचलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. "हा कुठला आकडा?"

"कुठला म्हणजे? पाच. तू पाच, मी पाच. दर वाढले नसले तर जोडच स्वस्त पडणार. तेच घेतलंस ना?"

तिने कागद डोळ्यांजवळ धरला. कागदावरची वाटी नीट होती, पण खाली जी शेपटी सुटायला हवी ती फिरून स्वतःला येऊन मिळाली होती. पाचाला गाठ पडली होती. लिहिणाऱ्याला ती दिसली नव्हती.

"किती दिवस झाले?"

त्याने बाटलीचं झाकण चाचपून लावलं. मग म्हणाला, "मधलं जातं. कडेचं राहतं. तुझ्याकडे बघितलं की कान दिसतात, तोंडाच्या जागी धूर. ताईला आज कडेकडेनं टिपून घेतलं."

"मला का नाही सांगितलंस?" अहोजाहो तिच्या तोंडून गळून पडलं होतं.

"सांगितलं असतं तर दिसायचं ते जास्त दिसलं असतं?"

तो कुठेही जाणार नव्हता. दिवसभर उरावर बसलेली भीती उठायला हवी होती. ती उठली नाही, नुसती कूस बदलून बसली. तिने त्याला उठवलं आणि पूल ओलांडून पाचवर आणलं. एक पाय अनवाणी होता, थंड फरशी तिला पायरीपायरीला सांगत होती की आता खाली बघून चाल, दोघांसाठी.

त्याने हात पुढे केला. तिने तिकीट त्यावर ठेवलं. त्याने ते अंगठ्याने चाचपलं आणि परत दिलं. "वाच. मागचं बारीक पण."

तिने वाचलं. दोघांनी एकत्र. एकट्यास चालणार नाही. तो प्रत्येक ओळीला मान डोलवत होता, जणू घासाघीस करून त्यानेच ते पदरात पाडून घेतलं होतं.

पाचवर गाडी आली. दार समोरच उघडलं. तिने अंदाज घेतला.

"आठ पावलं," ती म्हणाली.

तो मोजत निघाला. सातव्यालाच फलाट संपला आणि मधली काळी फट आली. तिने त्याचा दंड घट्ट धरलेला होता म्हणून तो सावरला. मोजायला ती चुकली होती.