जेवण झाले का?

राजेंद्र गुरुजींनी लॅपटॉपवर एका बोटाने शेवटचा कंस दाबला आणि शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. दिवसभर शाळा, शाळेनंतर मतदारयादीचं काम, आणि आता बावन्नाव्या वर्षी हे पायथनचं प्रशिक्षण. दुसऱ्याच धड्यात जीव मेटाकुटीला आला होता.

शेजारी लेक स्वप्नाली मेथी निवडत होती. पुण्याला ती प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करायची. उद्या धानोऱ्याचे पाहुणे तिला बघायला यायचे होते, म्हणून गुरुजींनी तिला रजा टाकून ब्राह्मणपुरीला बोलावून घेतलं होतं. आल्यापासून ती कामापुरतंच बोलत होती. प्रवासाने दमली असेल, असं गुरुजींनी धरून चाललं होतं.

त्यांनी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर ‘जेवण झाले का?’ उमटलं आणि पुढे काहीच होईना.

“हाई ते बंद पडी गयं!”

“बंद नही पडनं, नाना. जबाबनी वाट देखी ऱ्हायनं.”

तिने ओढणीला हात पुसून लिहिलं, ‘नाही.’ पडदा म्हणाला, ‘छान! चला, निघू या.’

गुरुजी खूश झाले. चालला एकदाचा!

स्वप्नालीने तो पुन्हा चालवला. या खेपेला लिहिलं, ‘दोन दिवस उपाशी आहे.’

‘छान! चला, निघू या.’

“असं कसं?”

“तुम्ही इचारतस, पन जबाब कोठेच ठेवतस नहीत,” ती म्हणाली. “मंग कोनी काहीबी सांगो, पुढलं ठरेलच शे.”

आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. ती पुन्हा मेथीकडे वळली.

गुरुजी पडद्याकडे बघत राहिले. गेल्या रविवारी त्यांनी फोनवर तिला विचारलं होतं, धानोऱ्याच्या लोकांना या म्हणून सांगू ना? ती काहीतरी म्हणाली होती. तेव्हा ते चपला शोधत होते. चपला सापडल्या तसं ‘बरं, बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि वाटेतच पाहुण्यांना होकार कळवून टाकला. पोर काय म्हणाली होती, ते आता काही केल्या आठवेना.

लॅपटॉप बाजूला सारून त्यांनी मेथीची अर्धी जुडी आपल्यापुढे ओढली.

“स्वप्ना, धानोरावाला पाहुना येवोत का नको?”

तिचे हात थांबले. तेवढ्यात खाटेवरचा गुरुजींचा फोन वाजू लागला. धानोऱ्याचाच होता. तिने सवयीने तो उचलून त्यांच्यापुढे धरला.

गुरुजींनी तो घेतला आणि खाटेवर पालथा ठेवला.

“वाजू दे,” ते म्हणाले. “पहिले तू सांग.”