पाहुण्यांचा रिमोट

मी पाहुण्यांचा रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे हं! तो लांबुळका, दिवसभर सोफ्याच्या फटीत लोळणारा प्राणी वेगळा. मी व्हिडिओ गेमचा. दोन शिंगं, दोन दांड्या आणि पोटावर चार बटणं, असा माझा थाट. माझ्या डाव्या दांडीवर अंगठा ठेवला की पडद्यावरचा फुटबॉलपटू पळतो. निदान पळायला हवा. कुठे पळतो, ते पुढे सांगतो.

आम्ही दोघं जुळे भाऊ, एकाच कारखान्यातले. एकाच खोक्यातून या घरात आलो. घरात माणसं तीनच. आई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो आणि घरी आला की गेम मांडून बसतो. आई त्याला ‘राजे’ म्हणते, कारण जेवणाचं ताट त्यांना जागेवर लागतं. आणि धाकटी कॉलेजात शिकते. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

पहिलं वर्ष माझं सुखाचं गेलं. मग एका उन्हाळ्यात धाकटीने हसता हसता सरबताचा अख्खा पेला माझ्यावर सांडला. पुसलं तिने, नाही असं नाही. पण जे आत गेलं ते गेलं. त्या दिवसापासून माझी डावी दांडी आपोआप डावीकडे ओढायला लागली. खेळाडू सरळ पळवायचा म्हटलं तरी तो जातो डावीकडे, थेट मैदानाबाहेर.

दुसरं कोणी असतं तर मला केव्हाच भंगारात टाकलं असतं. राजे हुशार. त्यांनी माझ्या भावाला स्वतःच्या उशाशी ठेवलं आणि मला नेमलं पाहुण्यांच्या सेवेला!

मग काय विचारता! मामा आले, हरले. दुकानातले मित्र आले, हरले. धाकटीच्या मैत्रिणी आल्या, त्याही हरल्या. प्रत्येक जण म्हणायचा, “अरे, हा रिमोट डावीकडे ओढतोय!” आणि राजे अगदी डॉक्टरी आवाजात सांगायचे, “रिमोट ठणठणीत आहे. तुला जमत नाही.”

मामांनी तर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून राजांकडूनच डोळे तपासून घेतले. राजांनी तपासलेही, हसू दाबून.

पण मी खालून सगळं बघतो. लोकांना वाटतं रिमोट म्हणजे हातातलं खेळणं. पण मांडीवरून माणसाचा चेहरा जितका स्पष्ट दिसतो तितका आरशातही दिसत नाही. खेळताना माणसं कशी होतात म्हणून सांगू! वळण घ्यायचं असलं की स्वतःच कुशीवर कलंडतात. बटण जोरात दाबलं की चेंडू जोरात जाईल असं समजतात. काही जण पळायचं बटण धरून ठेवतात ते सोडतच नाहीत. मग मध्यंतरापर्यंत बिचाऱ्या खेळाडूंच्या तोंडाला फेस येतो. हरले की बोटं माझ्याकडे, आणि जिंकले की मी कोण? आणि राजे? ते अटीतटीला आले की त्यांची जीभ गालात जाते. गाल फुगतो. त्यांचं त्यांना कळत नाही.

तर असा माझा संसार मजेत चालला होता. एका संध्याकाळी मित्र आला नाही, धाकटी अभ्यासाला बसलेली, आणि राजांचा हात शिवशिवत होता.

“आई, बस ना जरा.”

“मला कुठे येतं ते?”

“त्यात काय आहे? हा घे रिमोट.” आणि मी आईच्या हातात.

तिने मला व्हॅनचं स्टिअरिंग धरावं तसं धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट. कोणतं बटण कशाचं हे तिच्या गावी नव्हतं. पास द्यायच्या जागी तिने चेंडू प्रेक्षकांत मारला. पण खेळाडू पळाला तो नाकासमोर, सरळ! मी चाटच पडलो. नीट पाहिलं तर तिचा अंगठा दांडीला सतत थोडा उजवीकडे रेटत होता. आणि बाईंना त्याचा पत्ताही नाही!

त्याचं कारण मला नंतर कळलं. तिची जुनी व्हॅनही डावीकडे ओढते. कित्येक वर्षं ती स्टिअरिंग हलकेच उजवीकडे धरून मुलांना शाळेत पोचवतेय. तिला वाटतं जगातली झाडून सगळी वाहनं अशीच असतात.

त्या दिवशी आई हरली, पण चिडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “राजे, मांडा डाव.” धाकटीने शिकवणी सुरू केली. “आई, बटणं बडवू नकोस, हलकेच दाब. चेंडू घेऊन एकटी पळत सुटू नकोस, पास दे. तो अंगावर आला की लगेच पाय घालायचा नाही. थांब. चूक तोच करतो.” आई म्हणाली, “म्हणजे चौकात ट्रकसमोर करते तसंच की.” आणि हळूहळू राजांच्या नाकी नऊ यायला लागले. एकदा बरोबरी झाली. एकदा चक्क आई जिंकली, तेव्हा राजे म्हणाले की लाईट कमीजास्त होत होती.

पण एका रात्री जेवताना राजांनी नको तो विषय काढला.

“आई, आता पुरे कर व्हॅन. मी कमावतो ना? लोक मला विचारतात, आई अजून गाडी चालवते का म्हणून. ती देऊन टाकू आपण.”

“लोकांना सांग, चालवते. झकास चालवते.”

“तुझा खांदा दुखतो, मला दिसतं. तू आता घरी आराम कर.”

आईने वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, “तुझा जीव तुटतो ते कळतं मला. पण आराम करून करून मी किती करू?” धाकटी भावावर उसळली, राजेही हट्टाला पेटले, ताटं तशीच राहिली. शेवटी आईनेच तोड काढली. रविवारी दुपारी एक मॅच. ती हरली तर व्हॅनची किल्ली राजांच्या हातात. जिंकली तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही.

राजे हसले. “आई, नक्की? मागाहून रडायचं नाही हं.”

“रडतं कोण, ते रविवारी बघू.”

त्या आठवड्यात आई दुपारी, शाळेच्या दोन फेऱ्यांच्या मधे, एकटीच मला घेऊन बसायची. खेळता खेळता माझ्याशी बोलायची. म्हणाली, “सकाळी मी हॉर्न वाजवला की गल्लीतली दारं उघडतात रे. कोणी बूट हातात घेऊन पळत येतं, कोणी अर्धी पोळी तोंडात धरून. उद्या हॉर्न वाजवायचाच नसला तर मी सकाळी उठू कशाला?” मला बोलता आलं असतं तर धीर दिला असता. मला फक्त थरथरता येतं, तेवढं थरथरलो.

आता राजांची करामत ऐका. हा पोरगा दिवसभर चष्म्यांचे इवलेसे स्क्रू पिळतो. आईला मीच मानवतो, एकदोनदा माझ्या भावावर खेळली तेव्हा ती सपाटून हरली, हे त्याच्या बरोबर ध्यानात आलं. शनिवारी आई बाहेर होती. साहेबांनी मला उलटा पाडला, पोट उघडलं, आत साचलेलं सरबत खरवडलं आणि नवी दांडी बसवली.

“दादा, काय करतोयस?” धाकटी दारात उभी.

“दुरुस्ती. आईला चांगला रिमोट नको का?”

“इतकी वर्षं पाहुण्यांना नको होता तो?”

राजांनी शेवटचा स्क्रू आणखी एक वेढा पिळला.

झालं, मी बरा झालो. आणि आजवर बरं होण्याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं!

रविवारी किल्ली शोकेसवर ठेवली गेली. हे शोकेस टीव्हीला लागूनच, काचेच्या दाराचं. आत न वापरलेले कप. मॅच सुरू झाली आणि जे व्हायचं तेच झालं. आईचा अंगठा सवयीने उजवीकडे रेटायचा, आणि मी आता शहाण्यासारखा तिचं ऐकायचो! खेळाडू उजवीकडे, मैदानाबाहेर. पुन्हा उजवीकडे, पुन्हा बाहेर. मध्यंतराला राजांचे दोन गोल, आईचा भोपळा.

“काय झालंय मला आज?” आई माझ्याकडे बघत म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला होता की मला स्वतःचीच चीड आली.

धाकटी पाणी घेऊन आली आणि कानात कुजबुजली, “दादाने रिमोट नीट केलाय. तू पळूच नकोस. नुसते पास दे.”

आईने राजांकडे पाहिलं. राजे छताकडे बघत होते. आई एवढंच म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या डावात आईने पळणं बंद केलं. इकडून तिकडे पास, तिकडून इकडे पास, पेन्शनीतल्या माणसांनी पत्ते खेळावे तशी निवांत. राजे आधी हसले, मग वैतागले, मग चेंडू हिसकावायला सगळे खेळाडू पुढे घेऊन धावले. मागे रान मोकळं! आईने लांब पास दिला आणि गोल. एवढ्यावर शहाणं व्हावं की नाही? छे! बहिणीसमोर तोरा मिरवायचा म्हणून राजांनी आपला गोलकीपरच चेंडूसकट फिरायला बाहेर काढला. आईच्या खेळाडूने चेंडू अलगद काढून रिकाम्या जाळीत ढकलला. दोन-दोन. धाकटीने मारलेली किंकाळी खालच्या मजल्यावर गेली.

मग आल्या पेनल्ट्या. आईने पहिली सरळ मध्ये मारली. धाकटीचीच शिकवण ती, “गोलकीपर कधी जागेवर थांबतच नाही.” राजांनी उतावळेपणाने डावीकडे उडी घेतली. गोल. राजांनी मारली, आई भलतीकडे झेपावली. गोल. बरोबरी.

आईची दुसरी प्रेक्षकांत गेली. आणि मग आई सोफ्यावर मागे रेलली. तिने टीव्हीकडे बघायचंच सोडलं. ती बघत होती शोकेसच्या काचेत.

व्हॅनमध्ये ती अशीच बसते म्हणे. नजर समोरच्या आरशात, आणि मान न वळवता हुकूम सोडते, “मागचा, डबा बंद कर! खिडकीतला, हात आत!” आता काचेत राजे दिसत होते. जीभ गालात गेली, डावा गाल फुगला. आईने गोलकीपरला डावीकडे फेकलं. चेंडू हातात!

“नशीब!” राजे म्हणाले.

आईने पुन्हा मध्ये मारली. राजांनी पुन्हा उडी घेतली. आपण जागेवर थांबावं हे त्यांना मेलं तरी सुचेना. मग त्यांचा उजवा गाल फुगला, आई उजवीकडे. अडवला! आईची चौथीही मध्येच, गोल.

“आई, तू टीव्हीकडे बघ ना! कुठे बघतेयस?”

“बघतेय रे सगळं. तू मार.”

राजांच्या तोंडचं पाणी पळालं. पण जीभ काही गालातून हलेना. डावा गाल, डावी उडी, आणि खेळ खलास! मी आईच्या हातात असा थरथरलो की ती दचकलीच. मग तिने शोकेसवरची किल्ली उचलली, पदराला पुसली आणि मुठीत धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. राजांनीही ते पाहिलं आणि लाईटबद्दल अवाक्षर काढलं नाही.

स्वयंपाकघरात धाकटीने विचारलंच, “कसं ओळखलंस गं?”

“लहान असताना व्हॅनमध्ये मागे बसायचा. ज्या बाजूच्या पोराचा खाऊ पळवायचा असेल तो गाल फुगायचा. त्याला सांगू नकोस हां. अजून पुष्कळ वर्षं ते मला उपयोगी पडणार आहे.”

राजांनी मला पुन्हा उघडू नये म्हणून आईने मला उचललं ते थेट व्हॅनमध्ये ठेवलं. आता माझा मुक्काम स्टिअरिंगशेजारच्या कप्प्यात, गोळ्या आणि रुमालांच्या संगतीत. इथून मला रोज हॉर्न ऐकू येतो, दारं उघडतात ती ऐकू येतात. एकच मागणं आहे तुमच्याकडे. कोणाकडे खेळायला गेलात आणि यजमानाने फार प्रेमाने रिमोट हातात दिला, तर आधी त्याचा रिमोट मागून बघा. आणि माझ्याजवळ सरबत घेऊन बसलात, तर जरा वेंधळेपणाने बसा. पूर्वीसारखं वाकडं व्हायची मला फार इच्छा आहे.

हो, एक राहिलंच. परवा राजांची सुट्टी होती. मुलं शाळेत उतरली आणि राजे म्हणाले, “आई, तुझा खांदा दुखतोय, परत जाताना मी चालवतो.” आईने किल्ली दिली. रिकामी व्हॅन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली असेल-नसेल, राजांना घाम फुटला.

“आई, ही गाडी डावीकडे ओढतेय!”

आईने खिडकीतून बाहेर बघत गोळी तोंडात टाकली.

“गाडी ठणठणीत आहे, राजे. तुला जमत नाही.”