सदऱ्यातला नारळ

वाटूर फाट्यावर एसटी थांबली, की भुजंग गुरुजींचा हात अजूनही खिडकीतून पेरूवालीकडे जातो. एक फोड तिखटमीठ लावलेली, एक नुसती. नुसती शिवकन्येची, शेजारी ती असो वा नसो. औरंगाबादच्या दवाखान्याच्या खेपांमध्ये नवरा-बायकोनं जेवढ्या गप्पा मारल्या, तेवढ्या घरात कधीच मारल्या नाहीत. लोक हवापालटाला जातात, हे दोघं तपासणीला जायचे. काय दिवस होते ते!

मूल होत नव्हतं, तपासण्या मात्र सगळ्या तिच्याच. बारा वर्षं. गुरुजींना कुणी 'तुमचंही बघू' म्हटलं नाही, नि तेही आपणहून बोलले नाहीत. त्यांचं रक्त पहिल्यांदा तपासलं ते नव्व्याण्णव साली. बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्राचा एक तुकडाच त्यांच्यात नव्हता, म्हणून बीज जवळजवळ तयारच होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शोधून एखादं मिळालं, तर सुईनं स्त्रीबीजात सोडता येईल. पण मुलगा झाला तर त्याच्यातही हीच कमी येईल.

परतताना फाट्यावर शिवकन्या म्हणाली, "घरी माझंच नाव सांगा. तुम्ही मास्तर मानूस. मला सवय झालीय."

गुरुजी पेरू खात राहिले. त्या घासाची लाज त्यांना आजही वाटते.

आठवड्याभरानं त्यांच्या बहिणीचं, बेबीनंदाचं डोहाळजेवण होतं. पहिली ओटी भरायचा मान भावजयीचा. पण गुरुजींची आई झुंबरबाई नेहमीसारखी म्हणाली, "शिवकन्ये, तू आत बस." ती उठली.

गुरुजी दारातूनच ओरडले, "आई, तिला कशाला? कमी माझ्यात हाय. कागद आलाय!"

झुंबरबाईनं ताटातला नारळ उचलला. "मंग पसर तुझा सदरा!"

गुरुजींनी पसरला. नारळ, खण, ओंजळभर गहू, सगळं त्यात पडलं. बायका पदराआड फिसकन हसल्या. झुंबरबाई मात्र रडत होती. "बारा वर्षं म्या हिला आत बसवलं, अन् तू बघत राह्यलास!"

शिवकन्येनं सदऱ्यातला नारळ उचलला आणि बेबीनंदाची ओटी भरली.

पुढं दोनदा सुईचे उपचार झाले. दोन्ही वेळा यश आलं नाही. दुसऱ्या वेळी परतताना गुरुजींना एसटीतच रडू फुटलं. शिवकन्येनं त्यांच्या हातात पेरूची फोड कोंबली.

"ओटी तुमची भरल्ती सासूबाईनं," ती म्हणाली, "मंग दिवस मला कसे राहतील?"