मुबारकभाईंची गॅलरीतली खुर्ची

मी मुबारकभाईंच्या गॅलरीतली खुर्ची बोलतेय. म्हणजे, होते गॅलरीतली. आता कुठे असते ते ओघानं येईलच. प्लॅस्टिकच्या खुर्चीला कसलं आलंय मन, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ज्याचं वजन वर्षानुवर्षं अंगावर घेतलं त्याचा स्वभाव कळायला मन कशाला लागतं? तो बसण्यावरूनच कळतो.

माझा जन्म साच्यातला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं, साचा दाबला, उघडला, झाले मी तयार. आम्ही सगळ्या बहिणी एकाच चॉकलेटी रंगाच्या. एकीत एक अडकवून आम्हाला टेम्पोतून पनवेलच्या बाजारात आणलं. तिथला दुकानदार गिऱ्हाइकांची खात्री पटवायला आमच्यावर चढून उड्या मारायचा. "बसा बिनधास्त, काय होत नाय." त्याच्या उड्या मी मुकाट सोसल्या. मुबारकभाई आले तेव्हा त्यांनी उड्या मारायला लावल्या नाहीत. ते नुसते बसले, पाठ टेकली, दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि बायकोला, म्हणजे फरिदाभाभींना म्हणाले, "ही गॅलरीत ठेवू. आरामशीर आहे."

मला वाटलं, नशीब काढलं.

करंजाड्याचा त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी बेताचीच. एका अंगाला वॉशिंग मशीन, वर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि उरलेल्या जागेत मी. आधी समोर डोंगर दिसायचा, मग इमारती उभ्या राहिल्या, आणि विमानतळ सुरू झाल्यापासून डोक्यावरून विमानं जायला लागली. विमान आलं की मुबारकभाई मान वर करून बघत. तरुणपणी ते बरीच वर्षं कुवेतला होते. परत आल्यावर बाजारात कुलपं, कड्या, बिजागऱ्यांचं दुकान टाकलं. सिगारेट मात्र कुवेतहून सोबत आली ती राहिलीच.

सकाळी फजरची नमाज झाली की चहाचा कप घेऊन माझ्यावर, आणि संध्याकाळी दुकानातून आले की पायातले मोजे काढायच्याही आधी माझ्यावर. पाठ टेकली की उजवा हात खिशात जायचा. पाकीट, मग लायटर, मग एक मोठा श्वास. तो श्वास सोडताना त्यांचं सगळं अंग सैल पडायचं आणि ते मला पायांपर्यंत जाणवायचं. खरं सांगते, मला ते आवडायचं. दिवसभर दुकानात उभा राहिलेला माणूस आपल्या अंगावर येऊन सैलावतो, ह्याहून खुर्चीला दुसरं काय हवं असतं? धूर माझ्या अंगात मुरत होता, माझ्या हातावर एक जळका डाग पडला होता, तरी मी कुरकुर केली नाही. कुरकुर करायची ती स्वयंपाकघराची खिडकी. ती गॅलरीत उघडते. मुबारकभाई बसले की फरिदाभाभी आतून ती धाडकन लावून घ्यायच्या. बोलायच्या काही नाहीत. इतक्या वर्षांत बोलून बोलून त्यांचं बोलणं संपलं होतं.

माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. मुबारकभाई पाकिटावरचं ते भयंकर चित्र रोज बघायचे आणि त्याच्यावर अंगठा ठेवून पाकीट उघडायचे. चित्र झाकलं की झालं!

हे असंच चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांची मुलगी जास्मीन दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. ती दिलीय उरणला. मुलगी झाली, मुठीएवढी. तिची फुप्फुसं अजून तयार व्हायची होती म्हणून तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही ह्या घरातली रीत. बाळाला पेटीतून सोडलं की मायलेकींनी करंजाड्याला यायचं आणि चिल्ला, म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस, इथेच काढायचे, हे कधीचं ठरलेलं. फरिदाभाभींनी दुपटी शिवून ठेवली होती. मुबारकभाईंनी पाळण्याच्या कड्या दुकानातून स्वतः निवडून आणल्या होत्या.

मग एका संध्याकाळी जास्मीनचा फोन आला. मुबारकभाई माझ्यावर बसले होते, बोटांत सिगारेट होती.

"अब्बा, डॉक्टर म्हणाले, हिच्याजवळ धूर नको. कपड्यांना वास असला तरी नको."

"मी खाली जाऊन ओढेन ना बेटा. घरात नाही ओढणार."

"कपड्यांना वास येतोच अब्बा. तुम्ही ओढत असाल तर मी नाही येणार. रागावून नाही बोलत. हिचा श्वास अजून नीट चालत नाही, मी ऐकत बसलेली असते."

मुबारकभाईंनी फोन ठेवला. सिगारेट त्यांच्या बोटांतच जळून संपली. एवढी वर्षं त्यांचं वजन पेलतेय, पण त्या संध्याकाळी ते मला पहिल्यांदा जड वाटले.

चार दिवसांवर रमजान आला होता. ते भाभींना म्हणाले, "रमजानमध्ये सोडतो. ह्याच्याहून चांगला मौका नाही. दिवसभर तर रोजा असतोच, ओढता येतच नाही. संध्याकाळची काय ती सोडायची."

मी मनात म्हटलं, बघू. दरवर्षीचा रमजान मी पाहिलाय. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, धूर नाही, माणूस शांत. आणि संध्याकाळी मगरिबची अजान झाली, एक खजूर तोंडात टाकला, की तो धड चावायच्या आत गॅलरीत धाव. दिवसभराच्या सिगारेटी मग एकाच संध्याकाळी वसूल.

ह्या वर्षी मात्र त्यांनी खरोखर नेट धरला. पहिले काही दिवस फार वाईट गेले. इफ्तारनंतर येऊन बसायचे, पण गुडघा सारखा हलायचा, त्यामुळे माझे चारही पाय फरशीवर कडकड वाजायचे. डोकं दुखायचं. भज्यांत मीठ कमी पडलं म्हणून भाभींवर असे ओरडले की शेजारच्या गॅलरीतला दिवा लागला. मग स्वतःच खजील होऊन आत जाऊन ताटं घासायला लागले. खोकला कमी व्हायचा तर वाढला. "सोडून बिघडलंच माझं," असंही म्हणून झालं. पण ओढली नाही. हळूहळू गुडघा थांबला. शेवटच्या आठवड्यात तर ते बाजारात सगळ्यांना सांगत सुटले, "सुटली माझी. काही नसतं त्यात, मनावर घ्यायचं असतं फक्त."

जास्मीनलाही त्यांनी तसंच कळवलं. चिल्ला तर दवाखान्यातच सरत होता; ईद झाली, बाळाला पेटीतून सोडलं की ती येणार असं ठरलं.

भाभी हसल्या, पण खिडकी लावूनच ठेवत होत्या. त्यांनाही माझ्यासारखंच वाटत असावं. दिवस रोज्यानं धरून ठेवला होता. संध्याकाळ इफ्तारनं आणि मशिदीतल्या तरावीहच्या लांबलचक नमाजेनं. पहाटे सहरीला उठायचं म्हणून माणूस आडवा पडला की झोपलाच. मुबारकभाईंच्या हातात रिकामा वेळ असा आलाच नव्हता.

तो आला ईदच्या दुपारी.

सकाळ छान गेली. नवा कुर्ता, अत्तर, गळाभेटी. भाभींचा शीरखुर्मा आणि सांदणं संपेपर्यंत माणसांची ये-जा. मग सगळे पांगले. मुबारकभाई चहाचा कप घेऊन माझ्यावर येऊन बसले. महिन्याभरानंतरचा दुपारचा पहिला चहा. पाठ टेकली आणि उजवा हात खिशात गेला. खिशात काहीच नव्हतं. हात तिथेच राहिला.

चहा अर्धा टाकून ते उठले, चपला घालून खाली गेले आणि थोड्या वेळानं परत आले. आल्यावर मूठ उघडली तर आत एकच सिगारेट. लायटर भाभींनी कधीच फेकून दिला होता. त्यांनी सिगारेट ओठांत धरली आणि गॅसचा लायटर घ्यायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत भाभी उभ्या होत्या.

आता भांडण होणार म्हणून मी अंग चोरून बसले. भाभींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग विचारलं, "रोज्यात ह्या वेळेला हुक्की यायची?"

"यायची ना. दुपारीच जास्त."

"मग काय करायचात?"

"काय करणार? अजानची वाट बघायची."

"मग आजही बघा."

"आज कसला रोजा? ईदला रोजा हराम असतो, फरिदा."

"खाण्यापिण्याचा. शीरखुर्मा अजून वाटीभर आहे, खा पोटभर. धुराचा रोजा ठेवा. असरची अजान होईपर्यंत. मी जन्मभराचं नाही विचारत तुम्हाला."

मुबारकभाई दारातच उभे राहिले. मग सिगारेट ओठांतून काढली आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "सुटली सुटली म्हणून गावभर सांगून बसलो. सुटलेली नाही गं. मला एकट्याला जमत नाही हे."

नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य भाभींनी पहिल्यांदाच ऐकलं असणार. त्या वाटी घेऊन बाहेर आल्या आणि वॉशिंग मशीनला टेकून तिथेच उभ्या राहिल्या. सिगारेट कठड्यावर. मुबारकभाई माझ्यावर. गुडघा पुन्हा सुरू. त्यांच्या तळहातांचा घाम माझ्या हातांवर उतरत होता. भाभी मुद्दाम काहीबाही बोलत होत्या. कुणाची सांदणं फुगली नाहीत, कुणाच्या मुलाचं कुठे जुळतंय. एकदा मुबारकभाईंनी कठड्याकडे हात नेला आणि मागे घेतला. भाभींनी पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही.

मशीद तिथून लांब आहे, अजान मोबाइलमधून येते. उन्हं कलल्यावर असरची झाली. मुबारकभाईंनी एक खजूर खाल्ला, वर पाणी प्यायले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता मगरिबपर्यंत."

ते हसले. मग सिगारेट उचलून त्यांनी फरशी पुसायच्या बादलीत चुरडून टाकली.

पुढचे दिवस असेच अजान ते अजान गेले. कधी सोपे, कधी इतके अवघड की दुकान बंद करून घरी येऊन ते भाभींच्या शेजारी मटार सोलत बसत. आणि ह्याच दिवसांत एक गोष्ट मला कळली, जी मला कळली नसती तर बरं झालं असतं. आत गादीवर ते तासन् तास बसायचे, हात मांडीवर. माझ्यावर पाठ टेकली की हात खिशात. दर वेळी.

भाभींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी मला सोड्यानं घासून काढलं. वास गेला. मुबारकभाई बसले, आणि हात गेला खिशात. ते उठले, आत जाऊन बसले, परत येऊन माझ्यावर बसले. पुन्हा तेच. त्यांना हसू आलं. मला काय वाटलं म्हणून सांगू? मला वाटायचं मी त्यांचा आराम. मी तर त्यांच्या सिगारेटचा अर्धा भाग होते.

दुसऱ्या दिवशी जास्मीन यायची होती. त्यांनी मला डोक्यावर उलटी घेतली आणि तीन जिने उतरून गेटवर आणलं, वॉचमन विठूकडे. विठू इथल्याच गावचा. त्यानं मला आडवी करून चारही पाय दाबून पाहिले.

"शेट, खुर्ची चांगली हाय. मोडलेली पन नाय. कशाला देता?"

"तिच्यावर बसलो की सिगारेट आठवते."

विठूनं मान हलवली, जसं काही खुर्ची देण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण असतं. "बरं. मग तुमाला मी बसा म्हननार नाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेटात गाडी थांबली. जास्मीन उतरली, छातीशी पांढरं गाठोडं. मुबारकभाई केव्हाचे खाली येऊन थांबले होते, पण पुढे झाले नाहीत. हात मागे बांधून उभे. जास्मीन त्यांच्यासमोर आली, मान वाकवली आणि त्यांच्या खांद्याला, कुर्त्याला नाक लावून एक लांब श्वास घेतला. ते डोळे मिटून उभे होते. भाभींनी पदर तोंडाला लावला होता.

"घ्या अब्बा," जास्मीन म्हणाली आणि गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी त्या मुलीला कोपराच्या खळग्यात घेतलं आणि कान तिच्या नाकाशी नेला.

आता मी गेटवर असते. विठू भला माणूस आहे, हलका आहे, पाय वर घेऊन बसतो. उन्हानं माझा रंग उडत चाललाय. तिसऱ्या मजल्यावरून कधी कधी बाळाचं रडणं ऐकू येतं, चांगलं खणखणीत. तेवढं रडायला श्वास पुरतोय म्हणायचा.

अजून एखाद्या संध्याकाळी मुबारकभाई एकटेच खाली येतात. अवघड वेळ असली की येतात, चालण्यावरून ओळखते मी. विठूशी दोन शब्द बोलतात. बोलता बोलता त्यांचा हात माझ्या पाठीवर येतो आणि तिथे राहतो. विठू उठत नाही, दिलेला शब्द पाळतो. परवा मात्र तो पाण्याचा पंप लावायला गेला होता. मी रिकामी होते. मुबारकभाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मला भिंतीपासून ओढून सरळ केलं आणि गुडघे वाकवले.

मुबारकभाई, तेव्हा मला बोलता आलं असतं तर जे बोलले असते ते आता बोलते. तुमच्याशिवाय मला करमत नाही. तुमच्याइतकं नीट माझ्यावर कुणी बसलेलं नाही. तरी बसू नका. उभे राहा, पाय दुखले तर भिंतीला टेका, आणि मग वर जा. माझ्यावर पुन्हा कधीच बसू नका.